वसाहतवादविरोध: अर्थ, वापर आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वसाहतवादविरोध म्हणजे नेमके काय?

एका समाजाने दुसऱ्या समाजावर बाहेरून येऊन राज्य करायचे, तिथली जमीन, श्रम आणि महसूल आपल्या सोयीने वापरायचा, आणि हा आपला हक्कच आहे असे मानायचे, या सगळ्याला दिलेला नकार म्हणजे वसाहतवादविरोध. हा नकार लेखातून येतो, संपातून येतो, बहिष्कारातून येतो, बंदुकीच्या नळीतूनही येतो. पण त्यात एक गोष्ट असावीच लागते. राज्यकर्ता वाईट वागतो एवढ्यावर आक्षेप थांबत नाही. त्याला इथे राज्य करण्याचा अधिकारच नाही, इथवर तो जातो.

हा शब्द नुसता वापरला की फसवतो. विरोध कोणाचा, कोणत्या सत्तेला, तिच्या कोणत्या अंगाला आणि कोणत्या काळात, ही चार उत्तरे सोबत असली तरच त्यातून काही कळते. पुढची बहुतेक उत्तरे याच आग्रहातून लिहिली आहेत.

वसाहत कशाला म्हणायचे?

सत्तेचे केंद्र बाहेर असणे ही पहिली खूण. दुसरी, आणि अनेकदा विसरली जाणारी खूण म्हणजे एकाच भूमीवर दोन कायदे. फ्रेंच वसाहतींत 'अँदिजेना' नावाची व्यवस्था होती. अल्जीरियात १८८१ साली तिला कायद्याचे रूप मिळाले, पुढे ती इतर वसाहतींत नेली गेली आणि १९४६ साली रद्द झाली. तिच्याखाली प्रशासक स्थानिक माणसाला न्यायालयात न नेताच दंड किंवा कैद देऊ शकत असे. फ्रेंच नागरिकाला मात्र ती लागू नव्हती. तिसरी खूण अर्थव्यवस्थेची. जावा बेटावर डचांनी १८३० पासून सक्तीची पीकपद्धत आणली. कागदावर गावाने एक-पंचमांश जमीन ऊस, नीळ, कॉफी अशा निर्यातीच्या पिकांना द्यायची होती. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी जमीन आणि मजुरी दोन्ही त्याहून जास्त घेतली गेली.

वसाहतींचे प्रकारही वेगळे होते. ऑस्ट्रेलिया, अल्जीरिया, केनिया इथे बाहेरचे लोक कायमचे राहायला आले. काही ठिकाणी मूठभर अधिकारी आणि व्यापारी कंपन्या होत्या. १९१२ नंतरच्या मोरोक्कोसारखी 'संरक्षित राज्ये' होती, जिथे सुलतान गादीवर आणि निर्णय फ्रेंच रेसिडेंटच्या हातात. पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघाने 'अ', 'ब' आणि 'क' वर्गांचे आदेशित प्रदेश, म्हणजे हरलेल्या साम्राज्यांकडून काढून विजेत्यांकडे कारभारासाठी सोपवलेले प्रदेश, वाटून दिले. प्रकार समजून घ्यायचा तो अशासाठी की विरोधाचे रूप त्यावर ठरते. जिथे स्थायिक आले तिथे भांडणाचे मूळ जमीन असते, आणि तडजोडही तिथेच सगळ्यात अवघड जाते. १९५४ साली अल्जीरियात सुमारे दहा लाख युरोपीय राहत होते. तिथले युद्ध पावणेआठ वर्षे का चालले, याचा मोठा भाग या एका आकड्यात आहे.

साम्राज्यवादविरोध आणि वसाहतवादविरोध एकच का?

नाही, पण दोघांचा बराच भाग एकमेकांवर येतो. साम्राज्यवाद म्हणजे दुसऱ्यांवर वर्चस्व ठेवण्याचे धोरण. त्यासाठी झेंडा रोवावाच लागतो असे नाही. कर्ज, तह, नौदल, सीमाशुल्कावरचा ताबा यांतूनही ते साधते. एकोणिसाव्या शतकातला चीन बहुतांशी कोणाची वसाहत नव्हता, पण त्याची बंदरे आणि जकात परकीयांच्या दबावाखाली होती. तिथल्या १९१९ च्या ४ मेच्या आंदोलनाला साम्राज्यवादविरोधी म्हणणे जास्त अचूक. प्रत्यक्ष परकीय राजवट असेल तिथे वसाहतवादविरोध म्हणावे.

स्वातंत्र्यलढा म्हणजे वसाहतवादविरोधच ना?

सगळ्यात जास्त गल्लत इथे होते, म्हणून थोडे थांबून पाहू.

११ नोव्हेंबर १९६५ रोजी ऱ्होडेशियाच्या (आजच्या झिंबाब्वेच्या) सरकारने ब्रिटनपासून एकतर्फी स्वातंत्र्य जाहीर केले. ते गोऱ्या अल्पसंख्याकांचे सरकार होते, आणि बहुसंख्य काळ्या जनतेच्या हाती सत्ता जाऊ नये हाच त्या घोषणेचा हेतू होता. लंडनशी नाते तोडले, वसाहतीची रचना मात्र घट्ट धरून ठेवली. १७७६ ची अमेरिकन घोषणाही या अंगाने तपासावी लागते. ब्रिटिश राजसत्तेविरुद्ध ती बंडच होती, पण पश्चिमेकडच्या मूळ रहिवाशांच्या जमिनींवर पसरण्याची मोकळीकही तिने त्याच स्थायिकांना दिली. स्वातंत्र्य मिळाले म्हणून वसाहतवाद संपला असे म्हणता येत नाही ते यामुळेच.

उलट टोकाला मार्टिनिक या फ्रेंच ताब्यातल्या कॅरिबियन बेटावरचे एमे सेझेर आहेत. वसाहतवादावर विसाव्या शतकातली अत्यंत जळजळीत टीका करणारा हा कवी. पण १९४६ साली मार्टिनिक, ग्वादलूप, गियाना आणि रेयुनियाँ यांना फ्रान्सचे पूर्ण दर्जाचे प्रांत करण्याचा कायदा पुढे नेण्यात त्यांचाच पुढाकार होता. वेगळे राष्ट्र त्यांनी मागितले नाही. समान हक्क मागितले. पुढे त्या मार्गाबद्दल ते स्वतः निराश झाले, पण त्यामुळे त्यांचा विरोध खोटा ठरत नाही. राष्ट्र हे वसाहतवादविरोधाचे एक उत्तर आहे. सर्वाधिक यशस्वी उत्तर असेलही, पण एकमेव नव्हे.

निर्वसाहतीकरण, उत्तर-वसाहतवाद, निर्वसाहतिकता हे शब्द कुठे बसतात?

निर्वसाहतीकरण ही प्रक्रिया: सत्ता हस्तांतरित होणे, सैन्य जाणे, राज्यघटना येणे. वसाहतवादविरोध ही त्यामागची भूमिका आणि चळवळ. उत्तर-वसाहतवाद ही मुख्यतः विद्यापीठांतली अभ्यासशाखा. एडवर्ड सैद यांच्या १९७८ च्या 'ओरिएंटलिझम'नंतर तिला बळ आले, आणि वसाहतीच्या काळात घडलेले ज्ञान, साहित्य, प्रतिमा तपासणे हे तिचे काम. निर्वसाहतिकता ही लॅटिन अमेरिकेतून आलेली मांडणी आहे. पेरूचे समाजशास्त्रज्ञ आनिबाल किहानो यांनी दाखवले की झेंडा उतरल्यावरही वंशाची उतरंड आणि ज्ञानाची मक्तेदारी टिकून राहते.

१९३० सालच्या पत्रकाला 'उत्तर-वसाहतवादी' म्हटलेले दिसले, तर लेखकाने शब्द उचलला आहे, काळ पाहिलेला नाही, असे समजावे.

वसाहतीतल्या अत्याचारांवर टीका करणारा प्रत्येक जण वसाहतवादविरोधी असतो का?

नसतो. काँगोचे उदाहरण घ्या. बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याने आफ्रिकेबद्दल युरोपीय सत्तांनी भरवलेल्या बर्लिन परिषदेच्या (१८८४-८५) काळात हा प्रदेश वैयक्तिक मालकीसारखा मिळवला. रबरासाठी तिथे झालेल्या क्रौर्याविरुद्ध ब्रिटनमध्ये एडमंड मोरेल यांनी मोहीम उभी केली, आणि ब्रिटिश वाणिज्यदूत (कॉन्सल) रॉजर केसमेंट यांचा अहवाल १९०४ साली प्रसिद्ध झाला. मोहीम जिंकली. १९०८ साली काँगो राजाकडून काढून घेतला गेला आणि बेल्जियम सरकारची वसाहत झाला. म्हणजे मागणी पूर्ण झाल्यावरही वसाहत उरली.

या मोहिमेला कमी लेखायचे कारण नाही. तिने माणसे वाचवली. पण ती सुधारणेची मोहीम होती. केसमेंट स्वतः मात्र पुढे आयर्लंडच्या स्वातंत्र्यासाठी ब्रिटनविरुद्ध उभे राहिले आणि १९१६ साली फाशी गेले. एकाच माणसाच्या आयुष्यात आधी सुधारक आणि मग विरोधक अशी दोन पर्वे असू शकतात, तेव्हा शिक्का माणसावर मारण्याऐवजी त्या-त्या वर्षीच्या भूमिकेला नाव द्यावे.

आर्थिक वसाहतवादविरोध म्हणजे काय?

वसाहत कोणाच्या खर्चाने चालते, हा हिशेब मांडणे. दादाभाई नौरोजींनी १८६७ पासून मांडलेला संपत्तीच्या निःसारणाचा सिद्धांत हे याचे सर्वांत भक्कम उदाहरण आहे. त्याची यंत्रणा समजल्याशिवाय 'इंग्रजांनी लुटले' हे वाक्य पोकळ राहते.

भारत सरकारला दरवर्षी लंडनमध्ये मोठी रक्कम खर्च करावी लागे: निवृत्त अधिकाऱ्यांची पेन्शने, इंडिया ऑफिसचा कारभार, कर्जावरचे व्याज, रेल्वे कंपन्यांना दिलेल्या हमीची रक्कम, लष्करी खर्च. यांना 'होम चार्जेस' म्हणत. हे पैसे पौंडांत लागत आणि कर तर रुपयांत गोळा होई. त्यासाठी ब्रिटिश मंत्रिमंडळातला भारतमंत्री लंडनमध्ये 'कौन्सिल बिले' विकत असे. भारतीय कापूस किंवा ताग विकत घेणारा परदेशी व्यापारी लंडनमध्ये पौंड भरून हे बिल घेई आणि भारतात पाठवी. इथे ते सरकारी खजिन्यात वटे आणि माल विकणाऱ्याला रुपये मिळत. ते रुपये कुठले? इथल्याच शेतकऱ्याने भरलेल्या कराचे. पौंड लंडनमध्येच राहिले, माल परदेशी गेला आणि मालाची किंमत भारताने आपल्याच करातून भागवली. निर्यात भरपूर, तिच्या मोबदल्यात येणारी संपत्ती मात्र तेवढी नाही, हे दादाभाईंना आकड्यांत दिसले ते असे.

गंमत म्हणून नव्हे, तर अभ्यासासाठी हे लक्षात घ्यावे की हेच दादाभाई १८९२ साली ब्रिटिश संसदेवर निवडून गेले आणि ब्रिटिश न्यायबुद्धीला आवाहन करत राहिले. १९०६ च्या काँग्रेस अधिवेशनात अध्यक्षपदावरून त्यांनी स्वराज्याचा उच्चार केला. त्यांचे अर्थशास्त्र त्यांच्या राजकारणाच्या पुढे चालत होते.

हा विचार कधीपासून आहे?

कृती म्हणून पाहिले तर कॅरिबियनमधली फ्रेंच वसाहत असलेले हैती हे पहिले मोठे ठिकाण. १७९१ मध्ये गुलामांनी उठाव केला आणि १ जानेवारी १८०४ रोजी स्वतंत्र राज्य जाहीर झाले. त्याची किंमतही त्यांना मोजावी लागली. १८२५ साली फ्रान्सने युद्धनौका पाठवून मान्यतेच्या बदल्यात १५ कोटी फ्रँकची भरपाई मागितली. ती गुलाममालकांच्या नुकसानीपोटी होती. म्हणजे मुक्त झालेल्यांनी आपल्याच मुक्ततेचे पैसे भरायचे. १८३८ साली रक्कम ९ कोटींवर आणली गेली, पण त्यापायी काढलेली कर्जे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत फिटत राहिली.

मराठी वाचकाला ठाऊक असावा असा एक टप्पा म्हणजे १८४१. त्या वर्षी भास्कर पांडुरंग तर्खडकर यांनी 'बॉम्बे गॅझेट'मध्ये 'एक हिंदू' या नावाने पत्रे लिहून कंपनी सरकारच्या लुटीवर आणि तिच्या उपकाराच्या भाषेवर थेट हल्ला चढवला. काँग्रेसच्या स्थापनेला तेव्हा ४४ वर्षे अवकाश होता.

जागतिक जाळे विणले गेले ते विसाव्या शतकात. १९०० साली लंडनमध्ये पहिली पॅन-आफ्रिकन परिषद भरली. १९१९ साली कोरियात १ मार्चला आणि इजिप्तमध्येही त्याच महिन्यात लोक रस्त्यावर आले. स्वयंनिर्णयाची भाषा अमेरिकेचे विल्सन आणि रशियाचे लेनिन दोघेही बोलत होते आणि वसाहतींतल्या लोकांनी ती गंभीरपणे घेतली होती. महायुद्धानंतरच्या पॅरिसच्या शांतता परिषदेने मात्र ती युरोपपुरतीच ठेवली. फेब्रुवारी १९२७ मध्ये ब्रुसेल्सला साम्राज्यवादविरोधी लीगची परिषद झाली, तिला जवाहरलाल नेहरू हजर होते. अमेरिका आणि ब्रिटन यांच्या ऑगस्ट १९४१ च्या अटलांटिक सनदेत सर्व लोकांना आपले शासन निवडण्याचा हक्क मान्य झाला, आणि पुढच्याच महिन्यात चर्चिल यांनी संसदेत सांगितले की यात मुख्यतः नाझींच्या ताब्यातला युरोप अभिप्रेत आहे. एप्रिल १९५५ मध्ये इंडोनेशियातल्या बांडुंगला आशिया-आफ्रिकेतले २९ देश जमले तेव्हा या फसवणुकीची आठवण ताजी होती.

वसाहतवादविरोध हिंसकच असतो का?

सरसकट उत्तर नाही. राजवट किती जागा सोडते यावर बरेच ठरते. घानात (तेव्हाचे गोल्ड कोस्ट) क्वामे एन्क्रुमा यांनी १९५० साली संप आणि बहिष्काराची 'पॉझिटिव्ह ॲक्शन' मोहीम काढली, तुरुंगात गेले, तुरुंगातूनच १९५१ ची निवडणूक जिंकले आणि ६ मार्च १९५७ रोजी देश स्वतंत्र झाला. पोर्तुगीज गिनीत (आजच्या गिनी-बिसाऊत) ३ ऑगस्ट १९५९ रोजी पिजिगिती बंदरावर संप करणाऱ्या गोदी कामगारांवर गोळीबार झाला. अमिल्कार काब्राल यांचा स्वातंत्र्यवादी पक्ष त्यानंतर खेड्यांकडे आणि सशस्त्र लढ्याकडे वळला.

हिंसेचा हिशेब दोन्ही बाजूंनी मांडावा. केनियात १९५२ मध्ये आणीबाणी लागली, ब्रिटिश राजवटीविरुद्धच्या माऊ माऊ बंडाच्या नावाखाली लोकांना छावण्यांत कोंडून छळले गेले. २०१३ साली ब्रिटिश सरकारने ५,२२८ तक्रारदारांसाठी १.९९ कोटी पौंडांची तडजोड मान्य केली आणि छळाबद्दल खेद व्यक्त केला. बंडखोरांनी मारलेल्यांत आफ्रिकी माणसेही मोठ्या संख्येने होती, तेही लिहिले पाहिजे.

लढा स्थानिक अधिकाऱ्याविरुद्ध असेल तर तो यात मोडतो का?

बहुतेकदा मोडतो. आग्नेय नायजेरियात १९२९ साली हजारो स्त्रियांनी 'वॉरंट चीफ' लोकांना घेराव घातले, त्यांची न्यायालये मोडली. हे चीफ आफ्रिकीच होते, पण त्यांचा अधिकार ब्रिटिशांनी दिलेल्या वॉरंटमधून आलेला होता, परंपरेतून नव्हे. कर स्त्रियांवरही बसणार या भीतीने ठिणगी पडली. गोळीबारात पन्नासहून अधिक स्त्रिया मारल्या गेल्या. अप्रत्यक्ष राजवटीत वसाहतीचा चेहरा स्थानिकच असतो. सत्तेचा धागा कुठे जातो ते पाहावे.

स्वकीयांच्या वर्चस्वाविरुद्ध लढणाऱ्यांना कुठे ठेवायचे?

'या यादीत की त्या यादीत' असा प्रश्नच टाळावा. जोतीराव फुले यांचा मुख्य रोख ब्राह्मणी वर्चस्वावर होता, आणि इंग्रजी अमलात शूद्रातिशूद्रांना शिक्षणाची फट मिळते असे त्यांना दिसत होते. त्याच फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये सरकारचे कर, जंगलखाते आणि गोऱ्या अधिकाऱ्यांचा ऐषआराम यांवर कोरडे ओढले. त्यांना 'इंग्रजधार्जिणे' म्हणणे चूक, आणि ओढूनताणून 'वसाहतवादविरोधी' म्हणणेही चूक. ते कशाच्या विरोधात काय म्हणाले हे नेमके लिहिले की वाचकाला दोन्ही दिसते.

याच प्रश्नाची दुसरी बाजू फ्रांत्झ फॅनन यांनी १९६१ साली मांडली. अल्जीरियाच्या लढ्यात स्वतः असलेल्या या मानसोपचारतज्ज्ञाने इशारा दिला की स्वातंत्र्यानंतर देशी उच्चवर्ग वसाहतवाल्यांच्या खुर्च्यांवर बसेल आणि बाकीची रचना तशीच ठेवील. त्यांचा मृत्यू त्याच वर्षी डिसेंबरमध्ये झाला. अल्जीरिया स्वतंत्र झाला जुलै १९६२ मध्ये.

आंतरराष्ट्रीय कायद्यात याला काही आधार आहे का?

आहे, आणि त्याचा केंद्रबिंदू म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेचा १४ डिसेंबर १९६० चा ठराव क्रमांक १५१४. बाजूने ८९, विरोधात शून्य, तटस्थ ९. तटस्थांत ब्रिटन, फ्रान्स, पोर्तुगाल, स्पेन, बेल्जियम, अमेरिका, दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि डोमिनिकन रिपब्लिक. उघड विरोधी मत द्यायला कोणीच धजले नाही, हा वीस वर्षांत झालेला बदल.

या ठरावातले तिसरे कलम फार महत्त्वाचे. राजकीय, आर्थिक, सामाजिक किंवा शैक्षणिक तयारी अपुरी आहे ही सबब स्वातंत्र्य लांबवण्यासाठी वापरता येणार नाही, असे ते सांगते. 'अजून ते तयार नाहीत' हा वसाहतवाल्यांचा सर्वांत जुना युक्तिवाद. राष्ट्रसंघाची आदेशित प्रदेशांची सगळी व्यवस्था त्यावरच उभी होती. तो इथे कायद्याच्या भाषेत निकालात निघाला. सहावे कलम मात्र देशाच्या प्रादेशिक अखंडतेला धक्का लावण्यास मनाई करते. फुटीरतेच्या प्रत्येक वादात एक बाजू दुसऱ्या कलमातला स्वयंनिर्णय दाखवते आणि दुसरी बाजू सहावे कलम, ते यामुळेच.

दुसऱ्या दिवशीच्या १५४१ क्रमांकाच्या ठरावाने तीन वाटा ठरवल्या: पूर्ण स्वातंत्र्य, दुसऱ्या राज्याशी मुक्त सहयोग, किंवा समान दर्जाने विलीनीकरण. त्याच दिवशी १५४२ क्रमांकाच्या ठरावाने पोर्तुगालचे प्रदेश नावानिशी नोंदवले. पोर्तुगालने १९५१ साली आपल्या वसाहतींना 'समुद्रपार प्रांत' असे नाव दिले होते आणि आमच्याकडे वसाहती नाहीतच अशी भूमिका घेतली होती. आमसभेने ती मानली नाही. त्या यादीत गोवाही होता.

वसाहत होण्यासाठी मध्ये समुद्र असावाच लागतो का?

१५४१ क्रमांकाचा ठराव भौगोलिकदृष्ट्या वेगळा आणि वांशिक किंवा सांस्कृतिकदृष्ट्या भिन्न प्रदेश अशी कसोटी लावतो. व्यवहारात तिचा अर्थ 'खाऱ्या पाण्यापलीकडचा' असा झाला. १९५० च्या दशकात बेल्जियमने वेगळा मुद्दा मांडला होता: मग तुमच्या देशांतल्या मूळ रहिवाशांचे काय? मुद्दा काँगो वाचवण्यासाठी आणला होता, हेतू स्वच्छ नव्हता. तरी प्रश्न खरा होता आणि आजही आहे. रशियाने मध्य आशियात केलेला विस्तार, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया इथल्या मूळ समाजांची स्थिती, ही कायद्याच्या यादीत बसली नाहीत म्हणून विश्लेषणातूनही वगळावीत असे नाही. लिहिताना फक्त एवढे स्पष्ट करावे की आपण 'वसाहत' हा शब्द कायदेशीर अर्थाने वापरतो आहोत की ऐतिहासिक-सामाजिक अर्थाने.

स्वतंत्र देशांनी वसाहतीच्या काळातल्या सीमा का ठेवल्या?

जुलै १९६४ मध्ये कैरोला आफ्रिकी ऐक्य संघटनेने स्वातंत्र्याच्या वेळच्या सीमा मान्य करण्याचा ठराव केला. सोमालिया आणि मोरोक्को यांना तो पटला नाही. बाकीच्यांची भीती साधी होती: एक रेघ पुसली तर सगळ्याच पुसाव्या लागतील, आणि बहुतेक सैन्ये तेव्हा बाल्यावस्थेत होती. हा निर्णय वसाहतवादाला शरण जाणारा होता असे काही जण म्हणतात. तो युद्ध टाळण्यासाठी घेतलेला कटू निर्णय होता, असे म्हणणे पुराव्याला अधिक धरून आहे.

नववसाहतवाद कधी म्हणावे?

हा शब्द एन्क्रुमांनी १९६५ च्या आपल्या पुस्तकातून सर्वदूर नेला: कागदावर सार्वभौम, पण अर्थव्यवस्था आणि धोरण बाहेरून चालणारे राज्य. चांगले उदाहरण सीएफए फ्रँकचे. हे चलन डिसेंबर १९४५ मध्ये फ्रान्सच्या आफ्रिकी वसाहतींसाठी निघाले आणि स्वातंत्र्यानंतरही चालू राहिले. जानेवारी १९९४ मध्ये त्याचे अवमूल्यन झाले: आधी ५० सीएफएला एक फ्रेंच फ्रँक मिळे, नंतर १०० लागू लागले. आयात औषधे आणि धान्य महागले. आज एका युरोला ६५५.९५७ सीएफए हा दर बांधलेला आहे. या बांधणीमुळे महागाई आटोक्यात राहते, हा बचावही खरा आहे. तो लपवून टीका केली तर ती टिकत नाही.

प्रत्येक परदेशी दुकानाला किंवा कर्जाला हा शब्द लावू नये. चलन, किंमत आणि करार यांवरचा अंतिम निर्णय कोणाचा, आणि बाहेर पडायचे ठरवले तर काय सोसावे लागते, हे दाखवता आले तरच लावावा.

परकीय भाषा आणि विचार नाकारणे यात येते का?

आवश्यक अट नाही. केनियाचे न्गुगी वा थिओंगो यांनी कादंबऱ्यांसाठी इंग्रजी सोडून गिकुयु धरली. नायजेरियाचे चिनुआ अचेबे यांनी इंग्रजीलाच आपल्या मुशीत ओतून वापरले. दोघांनाही वसाहतवादविरोधी परंपरेत मानाचे स्थान आहे. मराठीतल्या देशीवादाचा या चर्चेशी संबंध आहे, पण देशीवादाचा भर आपल्या भूमीतल्या परंपरेतून साहित्य घडण्यावर आहे. राजवटीच्या वैधतेचा प्रश्न त्याच्या केंद्रस्थानी नाही.

या बाबतीत सावध राहण्याचे कारण झाईरमध्ये दिसते. हुकूमशहा मोबुटू यांनी १९७१ साली काँगोचे नाव झाईर केले, ख्रिस्ती नावे बदलायला लावली, पाश्चात्त्य कोट-टाय हद्दपार केला. हे सगळे 'अस्सलपणा'च्या नावाखाली, आणि त्याच काळात देशाची तिजोरी त्यांच्या कुटुंबाच्या आणि मर्जीतल्या लोकांच्या हाती होती. सत्ताधारी जेव्हा टीकाकाराला 'वसाहती मानसिकतेचा' म्हणतो, तेव्हा टीकेचा मजकूर खोडून काढला आहे की फक्त टीकाकाराला नावे ठेवली आहेत, एवढे पाहिले तरी पुरते.

लेखात किंवा प्रबंधात हा शब्द वापरण्याआधी काय तपासावे?

आधी मूळ मजकूर वाचून आक्षेपाची पातळी ठरवा: तक्रार करावर आहे, अधिकाऱ्यावर आहे, की राज्य करण्याच्या हक्कावर? मग पर्यायाचे चित्र शोधा. जुनी बादशाही परत हवी, प्रजासत्ताक हवे, समान नागरिकत्व हवे की महासंघ? त्यानंतर बोलणारा कोणाच्या वतीने बोलतो आणि कोणाला वगळतो ते नोंदवा. शेवटी तारीख.

ऑगस्ट १८५७ च्या आझमगढ जाहीरनाम्यावर हे करून पाहा. जमीनदार, व्यापारी, सरकारी नोकर व सैनिक, कारागीर, पंडित-फकीर अशा गटांची गाऱ्हाणी त्यात वेगवेगळी मांडली आहेत: भारी जमाबंदी, फायद्याच्या व्यापारावर इंग्रजांची मक्तेदारी, नोकरीत अपमान, विलायती मालाने बुडालेला धंदा. आक्षेप राजवट उलथवण्यापर्यंत जातो, त्यामुळे 'वसाहती राजवटीविरुद्धचा उठाव' हे वर्णन पक्के बसते. पर्याय मात्र बादशाही छत्राखालचा आहे आणि जमीनदाराचा अधिकार वाढवणारा आहे. म्हणून तिथे विसाव्या शतकातली लोकसत्तेची कल्पना शोधू नये.

नेहमीच्या चुका तीन. नंतरचे शब्द आधीच्या माणसांच्या तोंडी घालणे. एका नेत्याच्या भूमिकेला सगळ्या चळवळीची भूमिका समजणे. आणि वसाहतवाल्या सत्तेला एकजिनसी मानणे. लंडन, गव्हर्नर, मळेवाले आणि मिशनरी यांची आपसांत भांडणे होती, आणि चळवळींनी त्या फटींचा उपयोग केला.

लिहायचे कसे: वसाहतवादविरोधी की वसाहतविरोधी?

नाम 'वसाहतवादविरोध', विशेषण 'वसाहतवादविरोधी', दोन्ही जोडून. 'वसाहतविरोधी' आटोपशीर आहे, पण औद्योगिक किंवा निवासी वसाहतीला विरोध असाही त्याचा अर्थ होतो. संदर्भ स्पष्ट असेल तरच वापरा. लांब शब्द खटकत असेल तर 'परकीय राजवटीला विरोध' म्हणा, अर्थ बिघडत नाही.

आज कायद्याने वसाहती उरल्या आहेत का?

संयुक्त राष्ट्रांच्या अ-स्वयंशासित प्रदेशांच्या यादीत १७ प्रदेश आहेत: पश्चिम सहारा, जिब्राल्टर, फॉकलंड, बर्म्युडा, ग्वाम, टोकेलाउ, न्यू कॅलेडोनिया वगैरे. फ्रेंच पॉलिनेशिया २०१३ साली यादीत परत घेतले गेले. यांतले सगळेच स्वातंत्र्य मागत नाहीत. टोकेलाउमध्ये २००६ आणि २००७ साली मुक्त सहयोगासाठी मतदान झाले. दोन्ही वेळा बहुमत मिळाले, पण ठरवलेले दोन-तृतीयांश गाठले गेले नाही आणि प्रदेश न्यूझीलंडकडेच राहिला.

न्यू कॅलेडोनिया या फ्रान्सच्या ताब्यातल्या पॅसिफिक बेटांचे गणित जास्त गुंतागुंतीचे. २०१८ सालच्या सार्वमतात स्वातंत्र्याच्या विरोधात ५६.७ टक्के मते पडली, २०२० साली ५३.३ टक्के. डिसेंबर २०२१ च्या तिसऱ्या मतदानात हा आकडा ९६.५ वर गेला, कारण कोरोनाच्या साथीत मेलेल्यांचे सुतक चालू असताना मतदान घेऊ नये ही कनाक (तिथल्या मूळ रहिवाशांच्या) पक्षांची मागणी फ्रान्सने नाकारली आणि त्यांनी बहिष्कार टाकला. मतदान ४४ टक्क्यांच्या आसपास झाले. २०२४ साली फ्रान्सने तिथल्या प्रांतिक निवडणुकांची मतदारयादी नंतर आलेल्या रहिवाशांना खुली करण्याचे विधेयक आणले, तेव्हा मे महिन्यात दंगली उसळल्या आणि माणसे मेली. मतदार कोण, हा त्या भूमीवरचा वाद अजून चालू आहे.